वरचा उन्हाळा, खालचा हिवाळा

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात एकाच वेळी दोन ऋतू नांदत होते. ऐन जूनच्या थंडीत वरच्या मजल्यावरची पोरं बनियनवर फिरायची आणि खाली आम्ही नवराबायको मोजे, स्वेटर, वर शाल अशा थाटात चहा प्यायचो. आलेगेले यावर हसायचे. मुलगी होईपर्यंत मीही हसायचे.

तो काळ विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचा होता. विमानं भरभरून आमच्यासारखी माणसं येत होती, कुणी अकाउंटिंगला, कुणी कुकरीला, कुणी केस कापायला शिकायला. काय शिकायचं यापेक्षा कशाने पी.आर., म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळतो हे आधी पाठ असायचं. युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, आसपासचं प्रत्येक घर खोल्याखोल्यांनी भाड्याने गेलेलं. आमच्या दुमजली घरात खालची खोली आमची आणि वरच्या तीन खोल्या तीन पोरांच्या. मी अकाउंटिंगचं मास्टर्स करत होते. नवरा माझ्या व्हिसाच्या शेपटीला धरून आलेला आणि एका गोदामात कामाला लागलेला. वरच्यांपैकी दोघं सदानकदा शिफ्टला, दिसायचे ते फक्त त्यांचे दारातले बूट. तिसरा पंजाबकडचा. कुकरीचा कोर्स करायचा, रात्री टॅक्सी चालवायचा आणि दिवसा झोपायचा. त्याला आम्ही टॅक्सीवालाच म्हणायचो, अगदी तोंडावरसुद्धा. तो मला भाभी म्हणायचा.

खालची खोली आम्ही आईच्या सल्ल्याने घेतली होती. घर बघून आल्यावर मी तिला पुण्याला फोन केला, तर म्हणाली, दक्षिणेची खिडकी असेल ती खोली घे, थंडीत दिवसभर ऊन येतं. पुण्यात येतं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो हे आम्ही दोघंही शाळेत शिकलो होतो, पण शाळेत शिकलेलं घर घेताना कुणाला आठवतं? पहिला हिवाळा लागला आणि कळलं, आमच्या खिडकीला उन्हाचा कवडसासुद्धा दिसत नाही. काचेवर सकाळचं पाणी दुपारपर्यंत तसंच असायचं.

मुलगी दिलेल्या तारखेच्या बरीच आधी आली. पोट कापूनच काढावी लागली. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं, मग हॉस्पिटलने पाठ थोपटून घरी पाठवलं. एवढीशी होती. तिच्या पोटऱ्यांवरची कातडी सैल होती, मोठ्या बहिणीचे पायमोजे चढवल्यासारखी. तिला उचलताना मला रडू यायचं आणि ठेवताना भीती वाटायची.

इथे बाळंतिणीच्या घरी नर्स येते. आमच्याकडे आलेली पिकल्या केसांची, मोठ्या हाताची बाई होती. तिने बिछान्यावर काटा मांडला, मुलीला उघडं करून त्यावर ठेवलं, आकडा लिहून घेतला आणि मग माझ्याकडे वळून सावकाश सांगितलं, लहान बाळ जे दूध पितं त्याचं आधी अंग गरम ठेवायला जळण होतं, उरलं तर वाढ होते. खोली गार असेल तर उरणार काय? म्हणून खोली विसाच्या आसपास हवी. मी म्हटलं, मग भरपूर गुंडाळून ठेवते. तर तिने हात वर केला. तसंही नाही. झोपताना टोपी नाही, रजयांचा ढीग नाही. फार गरम झालेल्या बाळांचा झोपेत श्वास थांबतो. "नॉट टू कोल्ड, नॉट टू हॉट, ओके?" आणि जाताना दारात म्हणाली, पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं नाही तर हिला परत हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल.

दार लागलं. गार पडली तर पोर झिजणार, तापली तर श्वास थांबणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधली वाट किती, तर थर्मामीटरच्या दोन रेघांएवढी.

नवऱ्याने त्याच दिवशी भिंतीवर टांगायचा थर्मामीटर आणला. पाळण्यावरच्या खिळ्याला लावला, तर पारा पंधरावर. वर नेऊन जिन्याच्या डोक्यावर धरला, तर सव्वीस. त्या दिवसापासून मी मुलीकडे कमी आणि त्या पाऱ्याकडे जास्त बघू लागले.

आता हे असं का, ते सांगायला हवं. घरात डक्टेड हीटिंग होतं. म्हणजे बाहेरच्या भिंतीशी गॅसवर चालणारं एक धूड, आणि त्याच्यापासून घरभर फिरवलेले जाडजूड नळ. खाली जमिनीतल्या जाळ्यांतून आणि वर छतातल्या जाळ्यांतून गरम हवा यायची. घरातली गार हवा परत ओढून घ्यायला आमच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, भिंतीत, खिडकीएवढी एक जाळी होती. तिच्याजवळून गेलं की साडीचा पदर तिकडे ओढला जायचा. आणि या सगळ्या कारभाराचा मेंदू, म्हणजे थर्मोस्टॅट, कुठल्या शहाण्याने बसवला होता, तर वर, जिन्याच्या तोंडाशी. ऊब वर चढते, वरचा मजला पटकन तापायचा, थर्मोस्टॅटला वाटायचं काम झालं, आणि मशीन गप्प. खाली आम्ही अजून कुडकुडतच. त्याला वाढवून ठेवला की वर भट्टी व्हायची आणि पोरं खिडक्या सताड उघडायची. मग आम्ही क्लेटनचं आभाळ तापवत बसायचो.

अशात आई आली. तिचं तिकीट तारखेच्या हिशेबाने काढलेलं, त्यामुळे नात घरी येऊन दोन-तीन दिवस झाल्यावर ती पोचली. विमानतळावर तिचे अळीव आणि बाळंतशोपा काढून घेतले होते, त्याचा राग चेहऱ्यावर तसाच होता. तिने हातपाय धुतले, खोलीत आली, नातीला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "ही खोली आहे की बर्फाचा कारखाना?"

त्या क्षणापासून घरात आईचं राज्य सुरू झालं. सव्वा महिना बाळंतिणीने खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, बाथरूमपुरती सूट. कानाला रुमाल. पायात मोजे. पाण्याला हात नाही. वारं तर अजिबात नाही. बाळंतिणीला लागलेलं वारं जन्मभर हाडात राहतं असं ती मला इतक्या खात्रीने सांगायची, की वाटावं तिने ते स्वतः तिथे ठेवून पाहिलंय. मुलीला तिने आल्या आल्या कुंची घातली. मी ती काढली. तिने परत घातली.

"आई, नर्सने सांगितलंय, झोपेत टोपी नको."

"नर्सला पोरं किती?"

"मला माहीत नाही. पण तिने हजारो बाळं पाहिलीत."

"पाहिलीत. वाढवली नाहीत."

मी नर्सलाही घाबरत होते आणि आईलाही. आई कुंची घालायची, ती आत गेली की मी काढायचे, मग मुलीच्या मानेला दोन बोटं लावून बघायचे. गार लागली की पांघरूण वर ओढायचे, कोमट लागली की वाटायचं, ही फार तापली तर नाही? बोटांवर माझा विश्वास उरला नव्हता. पारा बघायचा, बोटं लावायची, परत पारा बघायचा, यात माझा दिवस जायचा.

पहिला तंटा मी वरच्यांशी केला. खोलीच्या उंबऱ्याच्या आत उभी राहून, कानाला रुमाल बांधलेल्या अवस्थेत, जिन्याकडे तोंड करून ओरडले, "आप लोग खिड़कियाँ खोलते हो और नीचे मेरी बच्ची ठंड में पड़ी है! कुछ शर्म है?" टॅक्सीवाला डोळे चोळत जिन्यात आला. "भाभी, ऊपर तो साँस नहीं आती. तंदूर बना हुआ है." मी म्हटलं, मग जाळ्या बंद करा, खिडक्या कशाला उघडता? त्याला जाळ्या बंद होतात हेच माहीत नव्हतं. मलाही कालपर्यंत नव्हतं. नवऱ्याने स्टुलावर चढून वरच्या छतातल्या जाळ्यांचे छोटे दांडे फिरवले. विचार असा की वर हवा कमी गेली की थर्मोस्टॅट लवकर समाधान पावणार नाही, मशीन चालत राहील आणि ती सगळी ऊब खाली येईल.

मशीन चालत राहिलं खरं. पण आमच्या खोलीतल्या जाळीवर हात धरला तर फुंकर मारल्यासारखी हवा. पारा पंधराचा सोळा झाला आणि तिथेच बसला.

मग धुरीचं प्रकरण झालं. आईला बाळंतिणीला धुरी द्यायचीच होती. क्लेटनच्या इंडियन शॉपमधून नवऱ्याकरवी ओवा मागवला, नारळाची करवंटी गॅसवर पेटवली. मुलीच्या खोलीत धूर होऊ देणार नाही यावर मी अडून बसले. शेवटी तोडगा निघाला, खोलीचं दार बंद ठेवून पॅसेजमध्ये माझ्या केसांना आणि कपड्यांना धुरी द्यायची. मी स्टुलावर बसले, आईने निखाऱ्यांवर ओवा टाकला, आणि तो पांढरा धूर माझ्याकडे न येता तिरका झाला आणि भिंतीतल्या जाळीत शिरला. आई बघतच राहिली. थोड्या वेळाने टॅक्सीवाला वरून धावत आला. "भाभी, कुछ जल रहा है? मेरे कमरे में अजवाइन की खुशबू आ रही है."

धूर त्याच्या खोलीत जातोय म्हणजे मुलीच्या खोलीतही जातोय. दार उघडून आत धावले, तर जाळीतून ओव्याचा वास. मी खिडकी उघडली, आईने ती बंद केली, मी परत उघडली. मुलीला उराशी धरून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "बास झाली धुरी! परत या घरात धूर झाला तर बघ!" आईने करवंटी सिंकमध्ये विझवली, त्याचा चर्र आवाज आला.

त्या संध्याकाळी नवऱ्याने ती मोठी जाळी उघडली. धूर जातो कुठे ते बघायला. आत फिल्टर होता, किंवा कधीकाळी असावा. आमच्या आधी त्या घरात किती विद्यार्थी राहून गेले कुणास ठाऊक, त्या सगळ्यांचे केस, गालिच्याची लोकर, फोडणीचं तेल आणि धूळ यांची एक घट्ट राखाडी घोंगडी त्याच्यावर बसली होती. तो बाहेर काढताना तिचा एक तुकडा पडला, तो पडताना आवाजही झाला. हीच हवा माझी पोर ओढत होती? मी म्हटलं, उद्या नवा आण.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून सुटून हार्डवेअरच्या त्या अवाढव्य दुकानात गेला आणि तिथून फोन केला. फिल्टरचे प्रकारच प्रकार होते. एक साधा, पातळ, कापसाच्या थरासारखा, धुता येण्याजोगा. एक जरा दाट. आणि एक जाड, घड्याघड्यांचा, ज्याच्या पाकिटावर लिहिलं होतं की तो परागकण, बुरशी, धूर, सगळं अडवतो. "कुठला घेऊ?" यात विचारण्यासारखं काय होतं? आम्ही चहाची गाळणीसुद्धा बारीक बघून घेणारी माणसं. मी म्हटलं, "सगळं अडवतो तो."

तो बसवला त्या रात्री मला बरी झोप लागली. सकाळी पारा चौदावर.

मग मशीन विचित्र वागू लागलं. थोडा वेळ चालायचं, टक् करून बंद पडायचं, मग बराच वेळ मेल्यासारखं पडून राहायचं, परत सुरू. खोलीतल्या जाळीवर कागद धरला तर हलेना. मी वरच्यांवर संशय घेतला, खिडक्या उघडल्या असतील. टॅक्सीवाला शपथेवर सांगू लागला की नाही उघडल्या. नवऱ्याने एजंटला फोन केला, तो म्हणाला माणूस पाठवतो, पण लगेच जमणार नाही, सगळ्या मेलबर्नचे हीटर एकदमच बिघडलेत. नर्स यायला आठवडाही उरला नव्हता. मुलगी दूध पिताना मधेच थकून झोपायची. तिला जागं करायला मी तिच्या तळव्याला टिचकी मारायचे आणि मग आपल्यालाच रडू यायचं.

आई हरलेली नव्हती. एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले, तर ती पॅसेजमध्ये करवंटी घेऊन उभी. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, "ओरडू नकोस. बघ आधी. मशीन चालू आहे आणि धूर भिंतीत जातच नाही. इथेच लोंबतोय. आता काय हरकत आहे तुझी?"

आणि खरंच, धूर जागच्या जागी गोल फिरत होता. जाळीकडे ढुंकूनही बघत नव्हता. मी भांडायचं विसरले. जाळीपाशी जाऊन पदर धरला, पदर सरळ लोंबत राहिला. ही भिंत आता हवा ओढतच नव्हती! ओढली नाही तर तापवणार काय, आणि आमच्याकडे पाठवणार काय? मशीन आपल्याच पोटातल्या आगीने तापून बंद पडत होतं. गाळणी इतकी बारीक होती की तिच्यातून चहाच खाली उतरत नव्हता. तेवढ्यात छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळला की आईच्या हातातली करवंटी पडता पडता राहिली. त्या गोंधळातच मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, येताना तो पातळवाला घेऊन ये. तो म्हणाला, धूळ? मी म्हटलं, धूळ मी बघून घेईन, दर आठवड्याला धुवीन, पण आण.

पातळ फिल्टर बसला आणि भिंतीने पहिल्यासारखा हुंकार दिला. खोलीतल्या जाळीवर कागद फडफडला. आई म्हणाली, "बघ, माझी धुरी कामी आली की नाही?" मी मान्य केलं नाही. पारा सोळा, सतरा, मग अठरा. आम्ही दोघी पाळण्यापाशी उभ्या राहून त्याच्याकडे बघत होतो. पण अठरावर आला आणि थांबला. नळाच्या शेवटच्या टोकाला असलेली आमची खोली, ऊन नसलेली खिडकी, काचेतून येणारा गारवा. वरच्या जाळ्या अर्ध्या उघड, पाव उघड, थर्मोस्टॅट एक घर वर, एक घर खाली, सगळं करून पाहिलं. दुपारी आभाळ आलं की पारा परत सतरावर उतरायचा. वीस काही दिसेना. वर मात्र जाळ्या बंद असूनही चोवीस.

नर्स यायला तीन दिवस होते त्या दुपारची गोष्ट. मी मुलीला पाजून आडवी झाले आणि डोळा लागला. जाग आली ती शांततेने. घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. मी कुशीवर वळले. पाळणा रिकामा होता.

आधी वाटलं, आईने स्वयंपाकघरात नेलं असेल. उठून गेले. स्वयंपाकघर रिकामं, किटली गार. बाहेरच्या खोलीत कुणी नाही. पुढचं दार बंद. मी आईला हाक मारली, माझाच आवाज मला अनोळखी वाटला. काय झालं असेल? मुलीला काही झालं आणि आई मला न उठवता तिला घेऊन कुठे गेली? पण तिला इथला बसस्टॉपसुद्धा माहीत नाही. मग जिन्याच्या पहिल्या पायरीशी तिच्या सपाता दिसल्या. एक उलटी पडलेली.

टाक्यांवर हात दाबून मी जिना चढले. वर, थर्मोस्टॅटच्या बरोब्बर खाली, टॅक्सीवाला गालिच्यावर बनियनवर झोपला होता, डोळ्यांवर हात आडवा. खिडक्या सगळ्या बंद. त्याला ओलांडून मी त्याच्या खोलीच्या दाराशी गेले.

खोलीभर ऊन होतं. त्या घरात मी तेवढं ऊन कधीच पाहिलं नव्हतं. त्याची खिडकी उत्तरेची होती. आई भिंतीला टेकून ताठ बसली होती, अंगावर माझी शाल, आणि शालीच्या आत, तिच्या उघड्या छातीवर, नुसत्या लंगोटात माझी मुलगी. आईच्या कपाळावर घाम होता. ओठ हलत होते.

"दारात काय उभी राहिलीस? आत ये नाहीतर बाहेर जा. वारं येतंय."

"आई, तू तिला घेऊन जिना चढलीस? तुझे गुडघे... पडली असतीस तर?"

"बसून बसून चढले. एकेक पायरी. पोटाशी ओढणीने बांधली होती तिला. उतरतेही तशीच."

"म्हणजे रोज?"

"चार दिवस झाले. तू झोपलीस की."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मागे आली असतीस. पोटावर टाके घेऊन." तिने माझ्याकडे बघितलं. "आलीसच शेवटी."

मला संताप आला, आणि तो संताप कशाचा हेही कळेना. "आणि तुझा सव्वा महिना? उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागतं, हे सगळं माझ्यापुरतंच का?"

"तो नियम बाळंतिणीला. आणि ऊब खाली येईना. किती दिवस तिची वाट बघायची? आपणच वर आलो."

"त्याला काय सांगितलंस?"

"मला कुठे त्याची भाषा येते? पोर दाखवली आणि म्हटलं, ठंड, ठंड. तो उठला, उशी घेतली आणि बाहेर जाऊन झोपला."

रात्रभर टॅक्सी चालवून आलेला तो मुलगा चार दिवस जमिनीवर झोपत होता आणि मी त्याला परवाच पुन्हा एकदा खिडक्यांवरून सुनावलं होतं. पण त्या वेळी मला त्याचंही काही वाटलं नाही. मला एकच दिसत होतं. नर्सने बजावलं होतं की बाळाला अंगावर घेऊन झोपू नका, त्यात बाळं गुदमरली आहेत. मी म्हटलं, "आई, तुला झोप लागली तर? एवढी ऊब, बसलेली तू, दमलेली..."

"पाढे म्हणते," आई म्हणाली. "देवाचं नाव घेताना झोप लागते. पाढ्याला लागत नाही. पावकी, निमकी, दीडकी. चुकलं की परत पहिल्यापासून."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि शालीत हात घालून मुलीच्या मानेला बोटं लावली. गार नव्हती. कोमटही नव्हती. बोटांना काहीच वेगळं लागलं नाही, माझीच कातडी असावी तशी. तरी भीती गेली नाही. उलट आता ती दुप्पट झाली, कारण वजन घटलं असेल तर यापुढे दोष कुणाला द्यायचा, हीटरला की या चार दुपारींना, हेच मला कळणार नव्हतं. हे थांबवावं की चालू द्यावं? विचारायचं कुणाला? नर्सला सांगितलं तर ती काय म्हणेल? दुसऱ्या दिवशी दुपारी आई मुलीला ओढणीने बांधून जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. ती बसून चढू लागली, आणि मी खालच्या पायरीवर बसून राहिले, ती खाली येईपर्यंत.

नर्स आली त्या दिवशी पाऊस होता. मी सकाळपासून थर्मोस्टॅट तीनदा बदलला, फिल्टर धुऊन वाळवून बसवला, पारा अठरावर आणला आणि तो तिथे राहावा म्हणून खोलीचं दार कुणाला उघडू देईना. नर्सने येताच खोलीत नजर फिरवली, थर्मामीटर बघितला. बिछान्यावर काटा मांडला. मी मुलीचे कपडे काढले. आई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून.

मुलगी काट्यावर रडू लागली, आकडे नाचू लागले. मग ती क्षणभर थांबली आणि आकडाही थांबला. नर्सने मागच्या वेळचा आकडा काढून शेजारी लिहिला आणि माझ्याकडे वळवला. वाढलं होतं. हवं होतं त्याहून जास्त वाढलं होतं.

इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं आणि मी पलंगाचा कठडा धरून हमसाहमशी रडू लागले. नर्स माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

आईने माझं रडणं पाहिलं. ती दारातून पुढे आली, नर्ससमोर उभी राहिली आणि तिचा तो मोठा हात आपल्या दोन्ही हातांत धरून मराठीत बोलू लागली. "बाई, पोरीला नेऊ नका. हिची काही चूक नाही हो. ती झोपलेली असायची. मीच पोरीला वर घेऊन जायचे, मीच तिला उघडी केली, तिचं वजन माझ्यामुळे गेलं. मला काय ते बोला. मी उद्याच परत जाते हवं तर, पण पोरीला हिच्यापासून नेऊ नका." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. नर्सला वाटलं, आजी आभार मानतेय. ती हसून म्हणाली, "नो वरीज, ग्रॅन्डमा. शी इज डूइंग ब्यूटिफुली. व्हॉटेव्हर यू आर डूइंग, कीप डूइंग इट."

"आई," मी कसंबसं म्हटलं, "वाढलंय गं. वजन वाढलंय."

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिला सांभाळायला खोटं बोलतेय असं तिला वाटलं असावं. तिने नर्सचा हात सोडला, काट्याकडे बोट दाखवलं, मग मुलीकडे, आणि एक बोट वर केलं. परत एकदा. नर्सने भुवया उंचावल्या, पण मुलीला उचलून पुन्हा काट्यावर ठेवलं. आई वाकून बघत राहिली. आकडे परत नाचू लागले आणि तिचे ओठ हलू लागले. ते थांबेपर्यंत ती गुडघ्यांवर हात ठेवून तशीच वाकलेली होती. थांबले तेव्हा तिने कागदावरचा मागचा आकडा बघितला, काट्यावरचा बघितला, पुन्हा कागदावरचा बघितला, आणि मग ती खाली जमिनीवर बसली.